बेळगावात घर भाड्याने देताना: नव्या घरमालकासाठी कागदापासून कुलपापर्यंत

मागच्या मे महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. बेळगावच्या वडगावातलं त्याच्या वाट्याचं घर भाड्याला लावायचं होतं. "मामा, भाडेकराराचा ऑनलाईन फॉर्म भरूलोय. चालतंय न्हवं?" बारा वर्षं पुण्यात काढली तरी फोनवर अजून बेळगावी 'भरूलोय'च. कुठला फॉर्म म्हणून विचारलं, तर महाराष्ट्र शासनाचा, लीव्ह अँड लायसन्सचा! घर वडगावात, फॉर्म महाराष्ट्राचा.

त्याचं काही चुकलं नाही. मराठीत 'भाडेकरार' शोधलं की जे समोर येतं ते सगळं पुण्या-मुंबईचं. तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो आणि नोंदवला नाही तर जबाबदारी मालकाची. आपल्याकडे तो कायदा नाही. आपण वाचतो मराठीत, पण आपल्या घराचा कायदा कर्नाटकाचा. भाच्याला त्या दिवशी तासभर जे सांगितलं, ते आणि नंतर आठवलेलं असं सगळं इथे लिहितोय. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे तपशील थोडा बदलेल, गाडं तेच.

आधी कागदावर हिशेब

भाड्यासाठी म्हणून नवं घर विकत घेणाऱ्याने पहिल्यांदा हा आकडा मांडावा. समजा घर ५० लाखांचं आहे. खरेदीला मुद्रांक ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज, शिवाय नोंदणी शुल्क. हे शुल्क २०२५ च्या ऑगस्टअखेर १ वरून २ टक्के झालं. सगळं मिळून साडेसात टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे घर पडलं जवळजवळ ५४ लाखांना. भाडं धरू १४ हजार. वर्षाचे १ लाख ६८ हजार. त्यातला एक महिना घर रिकामं राहणारच, तो वजा. घरपट्टी, रंग, मोटारीची दुरुस्ती, एखादा फुटलेला कमोड यांना वर्षाला २४ हजार धरा. हातात उरले १ लाख ३० हजार, म्हणजे घातलेल्या पैशाच्या अडीच टक्क्यांहूनही कमी. बँकेतल्या ठेवीला याहून जास्त मिळतं. यासाठी ३० लाखांचं कर्ज काढलं, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं, तर हप्ताच महिना २६ हजार. भाड्यातून हप्ता फिटतो हे सांगणारा एजंट असतो, फेडणारे आपण.

घराची किंमत वाढते, हे खरं. पण ती वाढ हातात येते विकल्यावर, दर महिन्याला नाही. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने आधी स्वतःच्या घरावरचा मजला किंवा मागची पडीक जागा बघावी. जागा आपलीच असते, त्यामुळे खर्च फक्त बांधकामाचा. समजा १५ लाखांत वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर झालं आणि १० हजार भाडं आलं, तर ढोबळ मानाने आठ टक्के पडतात. अट एकच: खालच्या भिंती मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगडाच्या असतील तर वर स्लॅबचा विचारही नको. इंजिनियरला दाखवा, महापालिकेचा परवाना काढा, मगच वाळू उतरवा.

घेणारच असाल तर उतारा उघडून बघा

आपल्या भागातल्या जुन्या घराचे कागद म्हणजे एक गंमतच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्यामुळे पणजोबांचं खरेदीखत मराठीत, क्वचित मोडीत. आजोबांचं वाटणीपत्र अर्धं मराठी. आणि त्यानंतरचं सगळं कन्नडमध्ये. गावाचं नावच इंग्रजी कागदांवर २०१४ पर्यंत बेलगाम होतं. आता एकाच माणसाचं नाव मराठीतून कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेलं की त्याची तीन माणसं होतात. आमच्याच एका कागदावर आजोबांच्या नावातला 'ळ' गेला आणि 'ल' आला. एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रात जाहिरात आणि चार फेऱ्या. विकणाऱ्याच्या घरी असलं काही असेल तर ते त्याने निस्तरून द्यावं, मगच इसार. नंतर निस्तरू म्हणालात तर ते तुमच्या गळ्यात पडलंच.

बघायचे कागद असे. जुन्या शहरात सिटी सर्व्हेचा सीटीएस उतारा. महापालिकेचा खाता (मालकाच्या नावाची करनोंद), म्हणजे आताचा ई-आस्ती. त्याशिवाय खरेदी नोंद होत नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ई-स्वत्तूचे उतारे: फॉर्म ९ आणि ११ए असेल तर बरं, ११बी (मंजुरी नसलेल्या जागेचा) निघाला तर थांबा आणि वकिलाला विचारा. बोजा आहे का ते कळायला ईसी (बोजा प्रमाणपत्र), नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून काढता येते. किमान तीस वर्षांची काढा, तेरा वर्षांची दाखवून कुणी गप्प बसवत असेल तर बसू नका. लेआउटचा प्लॉट असेल तर बिनशेतीचा आदेश आणि बुडाची (शहर विकास प्राधिकरणाची) मंजुरी.

आणि बाँडवरचा गुंठा. शहराच्या कडेने शेतात चुनखडी मारून, तेहतीस बाय तेहतीसचे तुकडे पाडून शंभराच्या बाँडवर विकलेले प्लॉट सगळ्यांना माहीत आहेत. स्वस्त असतात, लोक घरं बांधतात, राहतातही. पण त्यावर बँक कर्ज देत नाही, आणि खरेदी नोंदलेली नसल्याने कायद्याने मालक अजून तो शेतकरीच असतो. उद्या त्याची मुलं वाटणी मागत आली की तुमचा भाडोत्री कुणाला भाडं द्यायचं म्हणून विचारेल. राहायला घेणाऱ्याची नड समजू शकतो, भाड्याच्या उत्पन्नासाठी मात्र असला प्लॉट घेऊ नये.

वडिलोपार्जित घर असेल तर वेगळा घोळ. उताऱ्यावर चार भाऊ, दोन बहिणी, आणि भाडं घेतो धाकटा. बहिणींचा हक्क धरायला विसरतात, पण कायदा विसरत नाही. एकाच्या नावाने मुखत्यारपत्र करून घ्या, भाड्याचा वाटा कागदावर लिहा आणि मग करारावर त्या एकाची सही.

घर पावसात बघावं

डिसेंबरात सगळीच घरं छान दिसतात. बेळगावचं घर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बघावं, चार दिवस झड लागल्यावर. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. ओल आतून येते की छपराच्या सांध्यातून, ते बघा. शहापूर, वडगाव, अनगोळच्या सखल भागात घर असेल तर शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना विचारा: २०१९ च्या ऑगस्टात पाणी कुठवर आलं होतं? त्या भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. बळ्ळारी नाल्याचं पाणी नकाशा बघून येत नाही.

मागघराची खोली

वडगाव, खासबाग, शहापुरात माग बंद पडून मागघरं रिकामी झाली आणि लोक त्यांच्या भाड्याच्या खोल्या करतात. आमचीही तशीच झाली. त्यात मी केलेली चूक सांगतो. हातमागाचा खड्डा मुरूम टाकून भरला, वर लगेच फरशी बसवली. पहिल्याच पावसात फरशी मधोमध बसली आणि भाडोत्र्याचं कपाट भिंतीला टेकून कलंडलं. खड्डा थराथराने भरून, पाणी मारून, धुमसून, निदान एक पावसाळा तसाच सोडायला हवा होता. किंवा खाली काँक्रीट. घाई झाली होती, कारण जून आला होता आणि कॉलेजची पोरं खोल्या शोधत होती.

दुसरं, यंत्रमाग असलेल्या जागेत वर्षानुवर्षं धडधड होऊन तुळईच्या टोकाशी भिंत भेगाळलेली असते. नुसतं प्लास्टर मारून लपवू नका. तिसरं, मागाचं वीज कनेक्शन. ते घरगुती करून घ्या, त्याशिवाय खोली भाड्याने देऊ नका. मागाच्या सवलतीच्या विजेवर कुणाचा फ्रीज चालला तर दंड मालकाला.

मीटर, टाकी आणि गृहज्योती

प्रत्येक भाडोत्र्याला वेगळं मीटर, हा पहिला नियम. सब-मीटरवर भागवणारे पुढे महिन्याच्या दहा तारखेला युनिटांवरून भांडतात. त्यातून आता राज्य सरकारची गृहज्योती योजना आहे. जुलै २०२३ च्या वापरापासून घरगुती ग्राहकाला २०० युनिटपर्यंत वीज मोफत, पण सरसकट २०० नाही. त्या मीटरच्या २०२२-२३ च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून मर्यादा ठरते. भाडोत्र्यालाही ती मिळते. तो आपलं आधार तुमच्या मीटरच्या आरआर नंबरला (बिलावरच्या ग्राहक क्रमांकाला) जोडतो. मालकाने स्वतःच्या आधारवर दोन मीटर जोडायला जाऊ नये, एकालाच एक मिळतं.

खरी अडचण भाडोत्री गेल्यावर. त्याचं आधार तुमच्या मीटरला चिकटलेलं राहतं, नव्या भाडोत्र्याला जोडता येत नाही, आणि जुना तिकडे नव्या घरी अडकतो. म्हणून खोली सोडण्याआधी जोडणी त्यालाच काढायला लावा, समोर बसून. आणि थकलेलं बिल मीटरवर राहतं, माणसावर नाही. माझ्याकडचा एक जण तीन महिन्यांचं बिल ठेवून गेला, किल्ली मात्र धुतलेल्या डब्यात घालून शेजारी ठेवून गेला. भला माणूस! बिल मीच भरलं.

पाणी. नळाचं रोज येतंच असं नाही, तेव्हा टाकीवरच संसार चालतो. दोन कुटुंबं असतील तर दोन सिंटेक्स, प्रत्येकी किमान हजार लिटर, वेगळे नळ. एक मोटार, दोन टाक्या आणि मध्ये दोन व्हॉल्व्ह एवढ्या प्लंबिंगला जो खर्च येईल तो करा. 'त्यांनी आमचं पाणी वापरलं' ही तक्रार रात्री दहाला येते आणि तिला उत्तर नसतं. विहीर असेल तर जाळी आणि कुलूप.

भाडोत्री कोण, आणि कधी येतो

आपल्याकडे भाड्याचा बाजार महिन्यांवर चालतो. विद्यार्थी जून-जुलैत येतात आणि मे महिन्यात जातात. टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ, उद्यमबागकडे इंजिनियरिंग आणि इतर कॉलेजची मुलं; नेहरूनगर, सदाशिवनगरकडे केएलई या शिक्षणसंस्थेच्या हॉस्पिटल-कॉलेजमुळे मेडिकल आणि नर्सिंगची; मच्छेकडे व्हीटीयूची, म्हणजे तंत्रज्ञान विद्यापीठाची. त्यांचा करार मेअखेर संपेल असाच करा, नाहीतर दोन महिने खोली अडकते आणि भाडं कुणी देत नाही. सरकारी नोकरदार बदल्यांच्या हंगामात, साधारण मे-जूनमध्ये. उद्यमबागच्या फौंड्री-मशीनशॉपमधले कामगार वर्षभर शोधत असतात. त्यांचा पगार सात ते दहा तारखेला होतो, म्हणून भाड्याची तारीख १ न ठेवता १० ठेवा; एवढ्याने निम्मी कटकट जाते. मुलांच्या शिक्षणासाठी चंदगड, खानापूरकडून आलेली कुटुंबं दहावी-बारावी होईपर्यंत हलत नाहीत. मला विचाराल तर भाडोत्री म्हणून हेच सगळ्यात चांगले.

भिंतीवरची पाटी दोन भाषांत लावा. 'घर भाड्याने देणे आहे' आणि खाली कन्नडमध्ये 'मने बाडिगेगिदे'. फक्त मराठीत लावली की गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडून बदलून आलेला मास्तर, तलाठी, नर्स पुढे निघून जातात. पगार वेळेवर होणारी माणसं आपल्याच पाटीने का हाकलायची? बाडिगे म्हणजे भाडं, मुंगड म्हणजे ॲडव्हान्स, नीरु म्हणजे पाणी. एवढ्यावर पहिली भेट निभते. नंतर त्यांची मुलं गल्लीत खेळून महिन्याभरात मराठी बोलतात, आपण मात्र आहे तिथेच.

चौकशी करताना जात आणि ताटातलं काय ते न विचारता तीन गोष्टी विचारा: कुठे काम करता, आधीचं घर का सोडलं, आणि आधीच्या मालकाचा नंबर. तिसऱ्या प्रश्नावर जो घुटमळतो त्याला चहा पाजून पाठवून द्या. आधार आणि नोकरीचं ओळखपत्र यांची प्रत घ्या, जवळच्या पोलीस ठाण्यात भाडोत्र्याची माहिती देऊन पोच घ्या. परदेशी विद्यार्थी असेल, आपल्याकडे मेडिकलला मलेशियाची मुलं येतात, तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाईन भरायची असते. हे काम घरमालकाचं.

करार

कर्नाटकाचा भाडे कायदा १९९९ चा आहे. पण मोठ्या शहरांत महिना ३,५०० आणि इतर ठिकाणी २,००० रुपयांच्या वर भाडं असेल तर तो लागू होत नाही. म्हणजे आज भाड्याने जाणारी जवळजवळ सगळी घरं त्याच्या बाहेर. तिथे चालतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि तुमच्या करारातला मजकूर. म्हणून करारात काय लिहिलंय याला आपल्याकडे जास्त वजन.

अकरा महिने कशासाठी? एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवावा लागतो, म्हणून अकरा. त्यात दुसरी काही जादू नाही. 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं' हीसुद्धा कट्ट्यावरची भीती. भाडं देऊन, तुमच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा विरोधी ठरत नाही. मात्र करार आणि पावत्या नसतील तर तो परवानगीने राहत होता हे तुम्ही दाखवणार कशावरून? म्हणूनच भाडोत्री गॅस, मतदार यादी, आधारच्या पत्त्यासाठी कराराची प्रत मागतो तेव्हा घाबरू नका. द्या. प्रत म्हणजे तुमचाही पुरावाच.

करार ई-स्टँपवर, म्हणजे ऑनलाईन काढलेल्या मुद्रांकावर होतो. त्यावर पहिला पक्ष, दुसरा पक्ष यांची नावं आणि तारीख छापून येते. घेतानाच नीट वाचा. मालकाचं नाव उताऱ्यावर आहे त्याच स्पेलिंगने. मागची तारीख टाकून नंतर करू, हा जुना बाँडचा उद्योग आता चालत नाही. मजकूर कन्नड किंवा इंग्रजीत टाइप होतो. सही करण्याआधी टायपिस्टकडून मराठीत वाचून घ्या. मी तर मराठीत अर्धं पान स्वतःच्या हाताने लिहून दोघांच्या सह्या घेतो: पंखे तीन, ट्यूब चार, गिझर एक चालू, स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याला डाव्या कोपऱ्यात टवका आधीपासून. त्या टवक्याने मला एकदा वाचवलंय, आणि एका भाडोत्र्यालाही.

करारात हव्यातच अशा गोष्टी: भाडं आणि तारीख, मुदत संपल्यावर वाढ किती, डिपॉझिट किती आणि किती दिवसांत परत, वीज-पाणी कुणाचं, माणसं किती राहणार, पोटभाडोत्री ठेवायचा नाही, आणि सोडताना किंवा सोडवताना नोटीस किती दिवसांची. नोटिशीचं काही लिहिलं नसेल तर महिनेवारी भाड्याला कायद्याप्रमाणे १५ दिवस. तेवढ्यात ना त्याला घर मिळतं ना तुम्हाला भाडोत्री, म्हणून दोन महिने लिहा. भाडं बँकेत किंवा फोनवरून घ्या. रोख घेतलंत तर पावती द्या.

भाडं थकलं तर? आधी बोला, मग लेखी, मग वकिलाची नोटीस, मग दिवाणी कोर्ट. वीज तोडणे, सामान बाहेर काढणे, बाहेरून कुलूप घालणे हे करू नका. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, तेही तुमची मालकी कितीही पक्की असली तरी. तीन महिन्यांचं डिपॉझिट घेतलंय ते याच दिवसासाठी. दुसऱ्या महिन्याचं थकलं की हालचाल सुरू करा, चौथ्याची वाट बघू नका.

लीजची भुरळ

भाडं नाही, त्याऐवजी एकदाच चार-पाच लाख घ्यायचे, दोन-तीन वर्षांनी तेवढेच परत द्यायचे. मालकाला वाटतं लॉटरी लागली. ते पैसे उसने आहेत. मुलीच्या लग्नात खर्च केले आणि मुदत संपली तेव्हा नवा लीजवाला शोधत फिरणारे मालक मी बघितलेत. रक्कम ठेवीत टाकून नुसत्या व्याजावर राहणार असाल तरच. आणि मुदत वर्षाहून जास्त म्हणजे नोंदणी आलीच.

कर

घरपट्टी एप्रिलमध्ये भरली की ५ टक्के सूट मिळते. भाड्याचं उत्पन्न आयकरात दाखवायचं. तुम्ही भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीला खर्च केलेला असो वा नसो. कर्जाचं व्याज वेगळं. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर घरभाडे भत्ता दाखवणारा नोकरदार भाडोत्री तुमचा पॅन मागणारच.

घर सोडायच्या दिवशी

सकाळच्या उजेडात जा, संध्याकाळी नको. मराठीतली यादी बरोबर न्या. मीटरचा फोटो काढा, शेवटचं बिल हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) ॲपवर बघून भरायला लावा, गृहज्योतीची जोडणी काढून घ्या. वापराने फिका झालेला रंग भाडोत्र्याच्या खात्यावर टाकू नका. फोडलेला बेसिन टाका. वजावटीचा हिशेब कागदावर लिहून डिपॉझिट बँकेतूनच परत करा आणि त्याच कागदावर 'ताबा मिळाला' अशी दोघांची तारखेसह सही. किल्ल्या मोजून घ्या, गच्चीची विसरते. भाच्याच्या घराची अशीच विसरली होती. पावसाळाभर गच्चीवरचा पाइप तुंबलेला आणि वर जायला किल्ली नाही. शेवटी शेजाऱ्याच्या कौलावरून मलाच उतरावं लागलं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.